काटा मोडला, रुतला की घुसला? आणि 'फॉरिन बॉडी'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, जरा मदत हवीये. मी हिंजवडीत मेडिकल कोडिंग करते, म्हणजे अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल जे लिहितात ते वाचून त्याला कोड लावायचा, त्यावर तिकडचे इन्शुरन्सवाले पैसे सोडतात. सध्या नवीन बॅचला पावलाच्या जखमा शिकवतेय. पोरं सगळी जुन्नर, इंदापूर, दौंड साइडची, मराठी मीडियमची, त्यामुळे मी पण सरळ मराठीतच बोलते. काल फॉरिन बॉडी (म्हणजे बाहेरून अंगात घुसलेली वस्तू, काटा, काच, खिळा असलं काही) आली आणि एकाने विचारलं, मॅडम, परदेशी माणसाची डेडबॉडी का? हसून झालं पण मलाही पटकन शब्द सुचेना. 'परकीय वस्तू' म्हटलं की कस्टमने पकडलेला माल वाटतो, 'बाह्य पदार्थ' म्हटलं की बाहेरून मागवलेलं जेवण. कागदावर नुसतं एफबी लिहितात, तर पोरं फेसबुक म्हणतात.

दुसरा घोळ क्रियापदाचा. कोडात वेगवेगळे कप्पे आहेत. कातडीत वरवर काहीतरी गेलंय, जखम अशी नाही, तर एस९०.८५. टोचून भोक पडलंय आणि वस्तू आत आहे, तर एस९१.३४. भोक आहे पण आत काही नाही, तर एस९१.३३. पुढचा आकडा १ असेल तर उजवं पाऊल, २ असेल तर डावं, ९ म्हणजे डॉक्टरने लिहिलंच नाही. आणि डॉक्टर लिहितो काय, तर 'स्टेप्ड ऑन नेल'. बास. नेल आत राहिला का, उपसून आला का, कुठला पाय, काही नाही. तर असं एकेक क्रियापद मराठीत आहे का की जे ऐकल्यावर कप्पा कळेल?

मोडला म्हणजे आत राहिला

आहे की. मी शिरूरकडचा. आमच्यात काटा टोचला म्हणजे टोचला, हाय म्हटलं, पुढे चाललो. रुतला म्हणजे आत गेलाय पण अख्खा आहे, बूड चिमटीत धरून ओढता येतो. मोडला म्हणजे टोक आतच राहिलं, आता सुई आणा, उजेडात बसा. खिळा मोडत नाही, खिळा घुसतो. सराटा तर रुततपण नाही, चपलेलाच चिकटून घरात येतो. आणि तुमच्या नेलचा घोळ मराठीत होतच नाही, नख ते नख आणि खिळा तो खिळा.

इतकं सोपं नाही हो

आम्ही पेठेतले, आमच्याकडे नुसता टोचला तरी काटा मोडलाच म्हणतात. लहानपणी पर्वतीवर अनवाणी पळताना मला दर रविवारी काटा मोडायचा, आत एकदाही राहिला नाही. त्यामुळे या शब्दावर भिस्त ठेवून कोड लावलात तर फसाल.
ता.क. 'काटा काढला' असं तर रिपोर्टात मुळीच लिहू नका, पोलीस येतील.

शल्य

फॉरिन बॉडीला शब्द शोधायची गरजच नाही, आपण रोज वापरतो. शल्यचिकित्सा. यातलं शल्य म्हणजेच शरीरात घुसून त्रास देणारी वस्तू (महाभारतातला शल्यमामा वेगळा). सुश्रुतसंहितेत शल्यतंत्र म्हणजे काय ते सांगताना यादीच दिलीये, तृण, काष्ठ, पाषाण, पांशु, लोह, लोष्ट, अस्थि, बाल, नख, म्हणजे गवत, लाकूड, दगड, धूळ, धातू, ढेकूळ, हाड, केस, नख, हे काढायचं शास्त्र. पुढे दोन प्रकार केलेत, शारीर आणि आगंतुक. अंगातलंच ते शारीर, बाहेरून आलेलं ते आगंतुक. तुमची फॉरिन बॉडी म्हणजे आगंतुक शल्य. याच शल्यचा घासून घासून आपला सल झाला, आणि सलतो तो सल.

आधी पाय म्हणजे काय ते ठरवा

मी पण याच लाइनीत आहे, खराडीला. शल्य मस्तच, आणि गंमत बघा, शरीरात राहून गेलेल्या तुकड्यांचे झेड१८चे कोड आहेत ना, त्यात धातू, प्लास्टिक, प्राण्याचे काटे, दात, लाकूड, काच, दगड असंच वस्तुवार वाटप आहे. सुश्रुताच्या यादीत प्लास्टिक तेवढं घालायचं. पण मराठी पोरांची खरी चूक वेगळीच होते, आपल्याला कमरेपासून खाली सगळा पायच. पोटरीत घुसलं तरी पायात आणि टाचेत घुसलं तरी पायात. कोडाला पोटरी-नडगी एस८० पासून आणि घोटा-पाऊल एस९० पासून. मी वर्गात पाय शब्दावर बंदी घातलीये, चवडा, टाच, तळवा, घोटा, अंगठा म्हणा. अंगठा तर वेगळा सांगायलाच लागतो कारण वरवरच्या सलाला उजव्या अंगठ्याचा कोड एस९०.४५१ आणि बाकीच्या बोटांचा एस९०.४५४.

कुरूप

मी कोडिंगवाला नाही पण मामाचं सांगतो. बाभळीचा काटा मोडला, रुईचा चीक लावला, विसरून गेला. चार महिन्यांनी तळव्याला गाठ, घरात सगळे म्हणाले कुरूप झालंय. पुण्यात एका दवाखान्यात आणलं, कागदावर 'कॉर्न' लिहून पट्टी चिकटवून पाठवलं. परत दुखायला लागलं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरनी एक्सरे काढला, काही दिसेना (काच बहुतेक वेळा दिसते म्हणाले, लाकूड आणि काटा सहसा दिसत नाही), मग सोनोग्राफीत दिसला. काढल्यावर मामाने बाटलीत मागून घेतला, काळा पडलेला, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. बिलावर काय, तर 'एफबी रिमूव्हड'. कुठला पाय ते पण नाही. मामाच्या क्लेमला याच ओळीवरून तीन फेऱ्या झाल्या.

धन्यवाद सगळ्यांना

शल्य पक्कं. मोडला बाद, पटलं, कारण आम्हाला अंदाज करायची परवानगीच नाही, डॉक्टरने लिहिलं नसेल तर उलट विचारायचं. आणि मामांची केस मी उद्या फळ्यावर घेणारे (नाव न सांगता). कॉर्न म्हणजे एल८४, आणि काट्याभोवती मांसात गाठ धरली असं डॉक्टरने लिहिलं तर एम६०.२७, सोबत झेड१८चा जोड कोड. घरी दोन्ही कुरूपच! काढण्याच्या कामाचे पण तीन वेगळे कोड आहेत, कातडीखालून काढलं तर २८१९०, खोलातून २८१९२, गुंतागुंतीचं २८१९३, आणि 'एफबी रिमूव्हड' एवढ्यावर यातलं काहीच ठरत नाही, किती खोल गेले ते लिहावंच लागतं.
एक राहिलं, सल तो की ती? मी 'मनातली सल' म्हणते.

तो

तो सल. मनातला पण आणि टाचेतला पण.

ती!

आमच्या कोथरूडात ती.