ठरावीक अक्षरांचे, ठरावीक लांबीचे इंग्रजी शब्द: शोधायचे कसे, लक्षात ठेवायचे कसे? सल्ला हवा आहे

कोडेप्रेमी:
नमस्कार मंडळी. शाळेत शिकणाऱ्या माझ्या भाचीला वर्डल (सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ) आणि स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द जुळवायचा खेळ) यांचा चांगलाच नाद लागलाय. 'शेवटी टी-सी-एच येणारे पाच अक्षरी', 'क्यू आहे पण यू नाही' असे शब्द तिला सतत हवे असतात. जालावर याद्या ढिगाने आहेत, पण पाठ केलेलं चार दिवसांत उडून जातं. शिवाय हे शब्द तिच्या वाचनालेखनातही उपयोगी पडावेत असं मला मनापासून वाटतं. कुठून सुरुवात करावी?

रातकिडा:
आधी खेळ वेगळे करा. स्क्रॅबलसाठी दोन अक्षरी शब्द सरळ पाठ करावेत, त्याला पर्याय नाही. खेळात चालणाऱ्या शब्दांच्या अमेरिकी यादीत ते शंभराच्या थोडे वर आहेत, कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाच्या यादीत आणखी वीसेक. कोणती यादी मानायची हे खेळाआधीच ठरवा, नाहीतर भांडणं होतात. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द दोन्हींत एकही नाही, हे कळलं की शोधण्यातला वेळ वाचतो. यू नसलेल्या क्यूसाठी क्यू-आय सर्वांत कामाचा. मग क्यू-ए-टी आणि एफ-ए-क्यू-आय-आर, म्हणजे आपला फकीरच! क्यूचे १० गुण असतात, त्यामुळे ही मूठभर अक्षरजुळणी डाव फिरवते.

अनुस्वार:
वर्डलला मात्र ही घोकंपट्टी लागू पडत नाही. जॉश वॉर्डल यांनी २०२१मध्ये हा खेळ सर्वांसाठी खुला केला, तेव्हा अंदाज म्हणून जवळपास १३ हजार शब्द चालत होते, पण उत्तरं निवडली होती साधारण २,३०० नेहमीच्या शब्दांतून. म्हणजे दुर्मीळ शब्दांमागे धावण्यात अर्थ नाही. शब्द शेवटाकडून, कुटुंबाने शिकवा.

तुमचंच उदाहरण घ्या. ए-टी-सी-एच हा शेवट सापडला की पुढे बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच असे सात जण रांगेत उभे! एकेक करून बघायला गेलं तर सहा संधी संपतात. अशा वेळी उत्तर नसलेला शब्द मुद्दाम टाकायचा: पी-एल-यू-एम-बी, गवंड्याच्या ओळंब्याशी नातं असलेला. त्यात पी, एल, एम, बी चारही अक्षरं एकदम तपासली जातात. उत्तरात असलेलं अक्षर वर्डल रंगवून दाखवतं; एखादं रंगलं तर उत्तर हातात, एकही रंगलं नाही तर कॅच, हॅच आणि वॉच एवढेच उरतात. आय-जी-एच-टीच्या कुटुंबासाठी एफ-आय-एल-एम-एस हे काम करतो: फाइट, लाइट, माइट, साइट यांचा निकाल एका ओळीत. कठीण मोडमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण सापडलेली अक्षरं पुढे वापरावीच लागतात. तिथे असले शेवट लवकर ओळखून टाळणं हाच उपाय.

झुळूक:
याद्या पाठ होत नाहीत हे मला पटत नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले! पुढे २०२४मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. अर्थाशिवाय शब्द डोक्यात राहतात, फक्त अक्षरं वर्णक्रमाने लावून लक्षात ठेवायची. ई-आय-एल-एन-एस-टी ही सहा अक्षरं दिसली की लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स असे पाचही शब्द एकदम आठवले पाहिजेत. सात अक्षरी शब्दांसाठी तर ही सवय हवीच. हातातल्या सातही टाइल्स एकाच खेळीत लागल्या तर ५० गुण जादा मिळतात.

अनुस्वार:
रिचर्ड्स यांची स्मरणशक्ती अफाट आहे, वादच नाही. पण कोडेप्रेमींना हे शब्द भाचीच्या लेखनातही हवे आहेत, आणि अर्थ नसलेला शब्द लेखनात उतरणार कसा? वर्णक्रमाची युक्ती मात्र उत्तम, ती घ्याच.

मी ग्रीक कुटुंबापासून सुरुवात करायला सांगेन. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही स्वर नाही आणि वायवर काम भागतं असे शब्द बघा: निम्फ, ग्लिफ, क्रिप्ट, पिग्मी, सहा अक्षरी रिदम. सगळे मूळचे ग्रीक. ग्रीक लिपीतल्या उप्सिलॉन या अक्षराचा वाय झाला, फाय या अक्षराचा पी-एच. एवढं समजलं की स्पेलिंग घोकावं लागत नाही, आणि विज्ञानाच्या पुस्तकात असा नवा शब्द भेटला तरी मुलगी अडत नाही. माझ्या मते हीच खरी कमाई.

कोडेप्रेमी:
खूप आभार. ग्रीक कुटुंब तिला नक्की आवडेल. शोधण्यासाठी काही चांगलं साधन?

रातकिडा:
वनलुक हे शब्द शोधायचं संकेतस्थळ. एका अज्ञात अक्षरासाठी एक प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरांसाठी तारका. दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे टी-सी-एच दिलंत की तुमचे पाच अक्षरी शब्द समोर, आणि शब्दावर टिचकी मारली की अर्थाच्या वाटाही मिळतात. फक्त आधी तिला स्वतःला आठवतील तेवढे कागदावर लिहू द्या, मगच शोधा. न सुचलेले शब्द त्यानंतर जास्त टिकतात.

झुळूक:
आणि स्क्रॅबलमध्ये एसची टाइल उधळू देऊ नका. शंभर टाइल्समध्ये ई बारा असतात, एस फक्त चार. नुसत्या अनेकवचनासाठी ती खर्च करण्यापेक्षा सात अक्षरी शब्दासाठी राखून ठेवायला शिकवा.