कुकरवरचा आयएसआय खरा की नुसता छापलेला?

प्रश्न (मूठभर_तांदूळ):
५ लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर घेतलाय. खोक्यावर आयएसआयचं चिन्ह आहे, शेजारी ‘आयएसओ प्रमाणित कंपनी’ असंही आहे. परवाना क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला तर भलत्याच कंपनीचं नाव आलं. माल खोटा समजायचा का? आणि मोबाइलच्या नव्या चार्जरवर आयएसआयचं चिन्हच नाही, सीई आहे. तो चालेल का?

फेज_न्यूट्रल:
आधी खोकं बाजूला ठेवा आणि कुकर पालथा करा. खरं चिन्ह एकटं नसतं. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो, घरगुती कुकरसाठी तो आयएस २३४७. खाली सीएम/एल आणि पुढे ७ किंवा १० आकडी परवाना क्रमांक. हे दोन्ही नसतील तर ते नुसतं चित्र. ठसा उथळ असेल तर टॉर्च आडवी धरा, किंवा तळावर चिमूटभर कणीक चोळून पुसा; खाचांत पीठ बसलं की आकडे वाचता येतात. ३ आणि ८ मध्ये हमखास गफलत होते, म्हणून ॲपमध्ये काहीच आलं नाही तर आकडा पुन्हा वाचा.

१ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला हे चिन्ह सक्तीचं आहे. ‘आम्ही आयएसओवाले आहोत’ हे दुकानदाराचं उत्तर मानू नका. आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, त्यासाठी तुमच्या कुकरची चाचणी होत नाही.

तराजू_काटा:
नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका. परवाना ब्रँडला नाही, कारखान्याला मिळतो, तोही त्या पत्त्यापुरता. बरेच ब्रँड दुसऱ्याकडून माल बनवून घेतात. खोक्यावर ‘विक्रेता’ आणि ‘उत्पादक’ अशी दोन नावं असतील; ॲपमधलं नाव आणि पत्ता उत्पादकाशी जुळवा. मग तिथेच ब्रँडचं नाव, मानक आणि परवान्याची व्याप्ती बघा. खरी चोरी इथेच सापडते: क्रमांक अस्सल असतो, पण वायरच्या कारखान्याचा. कधी परवाना ३ लिटरपर्यंतच असतो आणि छापलेला असतो १० लिटरच्या भांड्यावर.

मुदत तपासताना आजची तारीख धरू नका, खोक्यावरचा उत्पादनाचा महिना धरा. माल बनला तेव्हा परवाना चालू होता ना, एवढंच बघायचं.

फेज_न्यूट्रल:
चार्जरचं राहिलं. चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब यांच्यासाठी बीआयएसची नोंदणीची योजना वेगळी, त्यावर आयएसआय शोधूच नका. बीआयएसची खूण, मानकाचा क्रमांक आणि ‘आर-’ पुढे ८ आकडे असतात. अक्षरं इतकी बारीक की फोटो काढून मोठा करावा लागतो. ॲपमध्ये आर क्रमांकाचा रकाना निराळा आहे, सीएम/एलच्या रकान्यात टाकलात तर काही सापडणार नाही. सीई ही युरोपची खूण, ‘चायना एक्स्पोर्ट’ ही नुसती वावडी. बहुतेक वस्तूंवर उत्पादक ती स्वतःच्या जबाबदारीवर लावतो; आपल्याकडच्या नोंदणीऐवजी ती चालत नाही.

मूठभर_तांदूळ:
पीठ चोळल्यावर १० आकडे दिसले. उत्पादकाचा पत्ता जुळला, व्याप्तीत ५ लिटरही आहे. चार्जरवर मात्र आर क्रमांक कुठेच नाही.

तराजू_काटा:
मग चार्जर परत करा. बिल आणि चारही बाजूंचे फोटो जपून ठेवा, ॲपमध्येच तक्रारीची सोय आहे. आणि कुकरची रिंग बदलाल तेव्हा तिचं मानक वेगळं असतं, आयएस ७४६६. कुकरवरचं चिन्ह बाहेरून आणलेल्या रिंगेला लागू होत नाही.