घरगुती रंग आणि खळ
घरी केलेली वस्तू आपोआपच पर्यावरणपूरक ठरते, हे मत मला पूर्णपणे पटत नाही, कारण मुलांच्या हस्तकलेसाठी आपण जी चमकी, थर्माकोल आणि चिकटपट्टी विकत आणतो, ते बहुतेक सारे प्लास्टिकच असते. चमकीचे कण तर ५ मिलिमीटरहून कितीतरी लहान, म्हणजे सरळसरळ सूक्ष्मप्लास्टिक. त्याऐवजी स्वयंपाकघरात उरणाऱ्या गोष्टींकडे पाहावे. कांद्याची कोरडी साले तासभर मंद आचेवर उकळून ते पाणी गाळले आणि आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलेले सुती कापड त्यात घातले, तर पिवळ्यापासून नारिंगीपर्यंतच्या छटा मिळतात. त्याच पाण्यात लोखंडाचा अंश आला, की रंग मळकट हिरवट होतो आणि मुले हा बदल डोळे विस्फारून पाहत राहतात. बिटाचा रंग मात्र कितीही मोहक दिसला, तरी उन्हात आणि धुण्यात टिकत नाही, म्हणून तो कपड्यांसाठी वापरू नये. चिकटवायला मैद्याची खळ पुरते; ती गुठळ्या होऊ न देता शिजवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी, नाहीतर आंबते. (रंगकामाचे पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.)