दोन मिनिटांची फेरी: ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ पुन्हा खेळताना आलेले अनुभव

‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ हा स्केटबोर्डिंगचा व्हिडिओ गेम १९९९ साली प्लेस्टेशनवर आला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी पुष्कळांनी तो, निदान त्याचा दुसरा भाग, कुठे ना कुठे खेळला असेल. पहिले दोन भाग २०२० मध्ये नव्याने घडवून एकत्र आणले गेले आणि जुलै २०२५ मध्ये तिसरा व चौथा भागही तसाच आला. हे दोन्ही संच खेळताना एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही: इतक्या वर्षांनी हातात आलेला हा खेळ तोच आहे का? ज्यांनी तो दोन्ही काळांत खेळला आहे, त्यांनी आपला अनुभव या धाग्यावर सविस्तर लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करतो; इतरांचे अनुभव खाली त्यांच्या गावाच्या नावाखाली आहेत.

मी हा खेळ दादरला मावसभावाच्या घरी शिकलो. आम्ही चौघे होतो आणि कंट्रोलर एकच होता, पण खेळातली फेरीच दोन मिनिटांची असल्यामुळे पाळीवरून कधी भांडण झाले नाही. वेळ संपली की कंट्रोलर मुकाट्याने पुढच्याच्या हातात जाई. त्या दोन मिनिटांत गोदामाच्या पहिल्या लेव्हलमध्ये आधी पाच हजार आणि मग पंधरा हजार गुण मिळवायचे, पाच खोकी फोडायची, एस-के-ए-टी-ई ही अक्षरे गोळा करायची आणि लपवलेली टेप शोधायची. पहिल्या भागात चाके जमिनीला टेकली की कॉम्बो, म्हणजे न थांबता जोडलेल्या चालींची साखळी, तिथेच संपत असे, त्यामुळे कोणत्या कठड्यावरून कोणत्या कठड्यावर उडी घ्यायची याचा विचार फेरी सुरू होण्याआधीच करावा लागे. मावसभाऊ तर वाट बघताना जमिनीवर बोटाने मार्ग आखत बसायचा.

नव्या आवृत्तीत त्याच गोदामात मॅन्युअलही चालते आणि रिव्हर्टही. मॅन्युअल, म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळत सरकणे, दुसऱ्या भागात आले. रिव्हर्ट, म्हणजे उतारावर उतरताक्षणी बोर्ड गर्रकन फिरवणे, तिसऱ्या भागात आले. या दोन्हींमुळे कॉम्बो तुटण्याचे कारणच उरत नाही आणि लहानपणी जे पंधरा हजार गुण मिळवायला आठवडा लागला होता, ते मी पहिल्या अर्ध्या मिनिटात मिळवले. आनंद झाला, पण गोदाम फार लहान वाटू लागले. मग सेटिंगमध्ये पहिल्या भागाच्या मूळ चाली निवडण्याची सोय सापडली. ती सुरू केल्याबरोबर समोरचा कठडा पुन्हा लांब गेला, उडी कुठून घ्यायची हे पुन्हा ठरवावे लागले, आणि मला माझा खेळ परत मिळाला. नव्याने खेळणाऱ्यांनीही सुरुवात तिथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

ठाणे

आमच्याकडे प्लेस्टेशन नव्हते, त्यामुळे मी दुसरा भाग संगणकावर, कीबोर्डवर खेळलो. डावा हात बाणांच्या कळांवर आणि उजवा अंकांच्या कळांवर असे. २०२० ची आवृत्ती मी कंट्रोलरवर सुरू केली आणि पहिला महिनाभर मला साधे ग्राइंडही, म्हणजे कठड्यावरून बोर्ड घासत नेणे, धड जमेना. शेवटी कीबोर्ड जोडला आणि दुसऱ्या भागातल्या शाळेच्या लेव्हलमध्ये गेलो. तिथे भिंतीवरून बोर्ड चालवत पाच घंटा वाजवायच्या असतात. त्यांपैकी तीन घंटा मी कुठे आहेत हे न आठवता वाजवल्या, कारण वळण आले की बोटे आपोआप त्या कळेवर जात होती. डोक्यातून पार पुसले गेलेले हाताने जपून ठेवले होते. माझ्यापुरते धाग्यातल्या प्रश्नाचे उत्तर त्या संध्याकाळी मिळाले: खेळ तोच आहे.

बीव्हर्टन, ऑरेगन

पहिल्या भागातली बर्नसाइड ही स्पर्धेची लेव्हल मी डोंबिवलीत असताना शेकडो वेळा खेळलो असेन, पण ती खरी जागा आहे हे मला इथे नोकरीला आल्यावर समजले. पोर्टलंडमधल्या बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखाली १९९० मध्ये स्केटरांनी कोणाचीही परवानगी न घेता स्वतः सिमेंट ओतून हे मैदान बांधायला सुरुवात केली आणि शहराने त्याला मान्यता पुढे दिली. या शहरात वर्षातले कितीतरी महिने पाऊस असतो. पुलाखालची जागा कोरडी राहते, म्हणून ती निवडली गेली. मी गेलो तेव्हा बाहेर रिपरिप चालू होती, डोक्यावरून ट्रक गेला की खांबांतून घरघर ऐकू येत होती आणि आत चार-पाच जण आपापली पाळी येण्याची वाट बघत काठावर उभे होते. जवळून पाहिले तर सिमेंट एकसंध नाही. वेगवेगळ्या वर्षी ओतलेल्या थरांचे रंग वेगळे आहेत आणि हात फिरवला की त्यांचे सांधे लागतात. भिंती पडद्यावर वाटतात त्याहून कितीतरी उभ्या आहेत. घरी येऊन पुन्हा ती लेव्हल सुरू केली तेव्हा पहिल्यांदाच उतारावरून खाली जाताना मला भीती वाटली. हे जुन्या खेळाने कधीच दिले नव्हते, आणि नव्यानेही दिले नसते. ते त्या सिमेंटने दिले.

न्यू जर्सी

वरचा अनुभव वाचून फिलाडेल्फियाबद्दल लिहावेसे वाटले. दुसऱ्या भागातल्या त्या लेव्हलमध्ये कारंजे रिकामे करण्याचे काम असते. तो चौक आणि ते कारंजे फिलाडेल्फियातल्या लव्ह पार्क या चौकावर बेतलेले आहेत. प्रत्यक्षात तिथे स्केटिंगला बंदी आली आणि २००२ मध्ये शहराचे नामवंत नियोजनकार एडमंड बेकन यांनी वयाच्या ९२ व्या वर्षी, आधाराला माणसे घेऊन, त्या बंदीच्या निषेधार्थ तिथे स्केटबोर्ड चालवला. २०१६ मध्ये जुने बांधकाम पाडायला सुरुवात झाली. मी तिथे पोहोचलो तेव्हा चौक नव्या रूपात उभा होता आणि मला ओळखीचे काहीही दिसले नाही. त्यामुळे २०२० च्या आवृत्तीत ती लेव्हल उघडली, तेव्हा मी गुणांकडे बघितलेच नाही. दोन मिनिटे नुसता फिरत राहिलो.

पुणे

माझा अनुभव थोडा कडू आहे. माझा आवडता भाग चौथा, २००२ चा. त्यात दोन मिनिटांचे घड्याळ नव्हते. आपण हवे तितके फिरायचे, वाटेत भेटणाऱ्या माणसांशी बोलायचे, ते काम सांगत आणि तेवढ्या कामापुरतेच घड्याळ सुरू होई. २०२५ च्या आवृत्तीत चौथ्या भागालाही पहिल्या तीन भागांसारखी दोन मिनिटांची फेरी लावली आहे आणि मूळच्या कार्निव्हल व शिकागो या लेव्हल त्यात नाहीतच. चाली अतिशय गुळगुळीत झाल्या आहेत, लंडन दिसते सुंदर, हे सगळे मान्य. पण मी ज्या खेळाकडे परत जायला निघालो होतो तो तिथे नव्हता. धागाकर्त्यांना दोन मिनिटांची शिस्त प्रिय आहे हे मी समजू शकतो. माझे प्रेम मात्र त्या शिस्तीतून मिळालेल्या सुटकेवर होते.

कोल्हापूर

मी कर्णबधिर मुलांना शिकवतो, म्हणून एका लहानशा बदलाविषयी लिहितो. बोर्ड पुढच्या हाताने धरण्याच्या एका चालीला पूर्वी ‘म्यूट’ म्हणत. ती चाल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस वेडल या कर्णबधिर स्केटरने पहिल्यांदा केली होती आणि त्यावरूनच ते नाव पडले होते. २०२० च्या आवृत्तीत त्या चालीचे नाव ‘वेडल ग्रॅब’ असे केले आहे. माणसाची ओळख त्याच्या ऐकू न येण्यावरून नव्हे, तर त्याच्या नावाने झाली. वर्गातल्या मुलांना मी ती चाल पडद्यावर करून दाखवली आणि नाव फळ्यावर लिहिले, तेव्हा एका मुलाने ते आपल्या वहीच्या मुखपृष्ठावर उतरवून घेतले.

नाशिक

मी माझ्या भावाच्या मागे बसून हा खेळ बघितला. माझ्या वाट्याला फेरी क्वचितच येई आणि आली की मी एलिसा स्टीमरला निवडत असे, कारण पहिल्या भागातल्या व्यावसायिक स्केटरांत ती एकटीच बाई होती. आता माझी अकरा वर्षांची मुलगी खेळते. तिच्यासमोर एलिसा आहेच, शिवाय लेटिसिया बुफोनी, लिझी आर्मान्टो आणि आओरी निशिमुरा आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक जिंकले, हेही तिला ठाऊक आहे. कधीच न पडण्याची सोय सुरू करून आम्ही सुरुवात केली, आणि ती नसती तर मुलगी दुसऱ्या दिवशीच कंटाळली असती, असे मला वाटते. परवा तिने स्वतःहून ती सोय बंद केली. पहिल्याच मॅन्युअलमध्ये तोल गेला आणि ती आपटली, दुसऱ्यातही आपटली, आणि दोन मिनिटे संपल्यावर कंट्रोलर माझ्याकडे द्यायचे विसरून तिने पुढची फेरी सुरू केली.