आईची चार मतं

प्रेषक: हुडकोची लेक, स्कारबरो
रविवार, ४ जानेवारी २०२६
विषय: आईने मत कुणाला द्यावं?

नमस्कार मंडळी,

आपल्या ई-मेल लिस्टवर सोलापूरची बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. १५ तारखेला महापालिकेचं मतदान आहे. काल चिन्हवाटप झालं आणि लगेच आईचा फोन. "तू एवढी शिकलीस, तिकडं महापौर निवडतीस, मग सांग की मी कुणाला देऊ." पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर तीन पोस्टर आली. तिन्हींवर 'भावी महापौर', तिघंही हात जोडून. त्यातल्या एकाला मी ओळखते. शाळेत माझ्या पुढं होता, तेव्हा वर्गाचा मॉनिटरसुद्धा कुणी केला नव्हता त्याला.

२०२३ साली टोरांटोच्या पोटनिवडणुकीत महापौरपदाला १०२ जण उभे होते. मतपत्रिका टेबलावर मावेना. तरी वाचून-ऐकून एक नाव काढलं आपण. इथं तर तीनच आहेत. या तिघांत महापौर व्हायच्या लायकीचा कोण, एवढंच कुणीतरी सांगा. आई रोज विचारणार आहे.

प्रेषक: साखर पेठेतला काका, मिसिसागा
सोमवार, ५ जानेवारी २०२६

पोरी,

त्या तिघांतला कुणीही महापौर करणं तुझ्या आईच्या हातात नाही. बार्शी-पंढरपूरकरांनी गेल्या महिन्यात नगराध्यक्ष थेट निवडला, नगरपालिकेत तशी सोय आहे. महापालिकेत लोक निवडतात नगरसेवक, आणि नगरसेवक सभागृहात हात वर करून महापौर निवडतात. तोही अडीच वर्षांचा. आणि खरी गंमत पुढंच आहे. हे पद यंदा महिलेला, मागासवर्गाला की खुलं, याची सोडतच अजून निघालेली नाही. उद्या चिठ्ठी महिलेची निघाली तर तुझा तो शाळासोबती त्याच पोस्टरवर बायकोचा फोटो चिकटवेल. 'भावी' तेवढं तसंच राहील.

महापौराचा मान मोठा असतो, नाही म्हणत नाही. सर्वसाधारण सभेचं अध्यक्षस्थान, उद्घाटनाची कात्री, महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीसमोर फोटो. पण १९४९ च्या अधिनियमाने कारभार चालवायचे अधिकार दिलेत आयुक्तांना, आणि आयुक्त धाडतं राज्य सरकार. तिजोरीच्या चाव्या स्थायी समितीकडे. तिथं सोळा सभासद, त्यातले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात, म्हणून वर्षाच्या वर्षाला रुसवेफुगवे. टोरांटोच्या महापौराला २०२२ पासून जादा अधिकार आहेत, अर्थसंकल्प महापौरच मांडतो. तो हिशेब सोलापूरला लावलास तर सगळंच चुकेल.

मागच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक. म्हणजे पावणेचार वर्षांहून जास्त काळ स्थायी समिती तेच, सर्वसाधारण सभा तेच आणि आयुक्तही तेच. ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा माणूस एकच. प्रशासक वाईट होते असं माझं म्हणणं नाही, काही कामं उलट भराभर झाली असतील. पण नळाला पाणी आलं नाही तर बाईने जायचं कुणाच्या दारात? १९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेने इमारतीवर तिरंगा फडकवला, पुढं गावाने मार्शल लॉ सोसला. त्या गावाला चार वर्षं नगरसेवक नव्हता आणि कुणाला फारसं खटकलंही नाही, याचं मला नवल वाटतं. असो.

आता आईचं मत. ते एक नाही, चार आहेत. एकूण १०२ जागा (तुझे टोरांटोचे उमेदवारही तेवढेच, बघ), प्रभाग २६, बहुतेक प्रभागांत चार जागा: अ, ब, क, ड. प्रत्येक जागेची यादी वेगळी, कागदाचा रंग वेगळा. चारही जागांचं बटण दाबायचं, तेव्हा मतदान पुरं होतं. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं 'नोटा' (यांपैकी कुणी नाही) हे बटण दाबायचं, पण दाबायचं. हे आईला फोनवर दोनदा सांग. म्हातारी माणसं एक बटण दाबून निघतात आणि मग केंद्रावरचे लोक मागून हाका मारतात.

घरी येणारे सांगतील, चारही आमच्याच चिन्हाला द्या. मी म्हणतो माणूस बघून द्या. उमेदवारांनी अर्जाबरोबर शपथपत्र दिलेलं असतं: गुन्हे, मालमत्ता, शिक्षण. २०१७ साली जो उभा होता त्याचं तेव्हाचं आणि आत्ताचं शेजारी ठेवून वाच, करमणूक होईल. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्या बाईंना आईने स्वतः फोन लावावा. फोन बाई उचलतात की 'साहेब' उचलतात, तेवढ्यावर मला तरी बरंच कळतं.

आणि दारात येईल त्याला एकच विचारायचं: पाणी किती दिवसांआड देणार? उजनी भरली की पेपरात फोटो येतो, आपण इथून लाइक करतो. ११७ टीएमसीचं धरण ते. तिथून थेट पाइपलाइन आहे, टाकळीला नदीतून उचलतात, थोडं हिप्परग्याच्या तळ्याचं. तरी गल्लीत पाणी तीन-चार दिवसांआड, कधी त्याहून उशिरा. पाणी धरणात कमी नाही पडत, वाटेत पडतं. गळती, कुजलेल्या वाहिन्या, न भरणाऱ्या टाक्या. उजनीहून आणलेल्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचं श्रेय सगळ्यांच्या पत्रकावर असेल. टाकीपासून नळापर्यंतचं कुणी काही लिहिलंय का, ते शोधायला सांग. ज्याने लिहिलं असेल तो निदान विचार करतो.

प्रेषक: विजापूर रोडवाला, ओकव्हिल
सोमवार, ५ जानेवारी २०२६

काका, नमस्कार. तुमचं माणूस बघून मत देणं ऐकायला लई भारी वाटतं. पण आमच्या प्रभागात लोकांनी ते करून बघितलंय. चौघं निवडून आले, दोन एका पक्षाचे, दोन दुसऱ्या. गटारीवरचं झाकण कुणाच्या निधीतून बसवायचं, यावर पावसाळा गेला. झाकण बसलं तेव्हा नारळ दोनदा फुटला. चौघंही म्हणायचे, ते काम माझ्याकडं नाही, त्यांच्याकडं जावा.

निधी कुठून येतो हेही बोला की. महापालिकेकडं पगार भागवून उरतंय काय? मोठं काम म्हणजे मुंबई-दिल्लीचा पैसा. तिथं ज्याची ओळख, त्याची फाइल हलते. म्हणून म्हणतो, ज्या पक्षाचं पटतं त्याला चारही द्या, म्हणजे पाच वर्षांनी मान धरता येते. वेगवेगळं वाटलं की चौघंही सुटतात.

शपथपत्र-बिथपत्र कोण वाचतंय ओ. अर्ज छाननीत टिकला, थकबाकी नसल्याचा दाखला दिला, झालं.

प्रेषक: जुळे सोलापूरची वहिनी, सध्या मुक्काम सासरी
बुधवार, ७ जानेवारी २०२६

मंडळी, तुम्ही तिकडं बर्फात बसून चर्चा करताय, मी इथं रात्रीची मोटर लावून बसलेय. म्हणून दोन ओळी लिहिते.

काल पाण्याचा दिवस होता. संध्याकाळी येणार म्हणाले, आलं रात्री पावणेदोनला. आधी शेजारच्या अक्कांचा मिसकॉल, मग आमच्या सासूबाईंनी पुढच्या घरी मिसकॉल, असं गल्लीभर. पहिली दहा मिनिटं गढूळ, ते अंगणात आणि झाडांना सोडायचं, मग पिंप, मग टाकी, मग घरातली असतील-नसतील ती भांडी. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्याने पुढची लाइन सोडली की आमचा जोर गेला. सासूबाईंनी लगेच एका उमेदवाराला फोन लावला, उचलला बरं का त्याने, रात्री अडीचला! वीस मिनिटांत धार पुन्हा मोठी. सासूबाई खूश. मी मात्र विचार करत बसले, आमच्याकडं जोर आला म्हणजे पुढच्या गल्लीत गेला असणार. त्यांनी कुणाला फोन लावला असेल?

काकांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगते, मी तिघांना विचारलं. एक म्हणाला रोज पाणी देणार. कसं, विचारलं तर म्हणाला वरून मंजूर आहे. दुसरा पाया पडला आणि पुढच्या घरी गेला. तिसरी बाई होती, यंत्रमागावर काम केलेली. ती म्हणाली, "रोज देतो म्हणणार नाही ओ ताई, पण दिवसा द्यायला लावते. रातच्याला बायका जागतात आणि सकाळी कामाला जातात." तिच्याबरोबर चार-पाच बायका होत्या, नवरा नव्हता. पत्रक एका रंगात छापलेलं. निवडून यायची नाही बहुतेक.

बाकी गाव रंगात आहे. पूर्व भागात रिक्षावरचा भोंगा तेलुगूत, बाळीवेशीत कन्नडात, आमच्याकडं मराठीत, चाल मात्र सगळीकडं एकच. होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, पाळणे उभे राहिलेत. संक्रांत बुधवारी, मतदान गुरुवारी, म्हणजे ऐन करीच्या दिवशी. आमच्या आत्याबाई म्हणतात करीला शुभ काम करत नाहीत. मी म्हटलं, आत्याबाई, हे शुभ काम आहे असं तुम्हाला कोण म्हणालं? हळदीकुंकवाची आमंत्रणं यंदा आधीपासूनच येताहेत, अनोळखी घरांतूनही. वाणात स्टीलचे डबे आहेत म्हणे. संक्रांतीआधी हळदीकुंकू मी पहिल्यांदाच ऐकतेय.

आणि विजापूर रोडवाले भाऊजी, हद्दवाढीत १९९२ साली आलेल्या भागात अजून कुठं कुठं ड्रेनेज नाही. त्या लोकांनी या पक्षालाही चारही दिली, त्या पक्षालाही दिली. मान कुणाची धरायची ते त्यांना विचारा.

प्रेषक: लिस्टचा कारभार बघणारे
बुधवार, ७ जानेवारी २०२६

सर्वांना विनंती, कुठल्याही पक्षाचं वा उमेदवाराचं नाव लिस्टवर येऊ देऊ नये. आतापर्यंत आलेलं नाही, त्याबद्दल आभार. तिळगुळाच्या कार्यक्रमाला शेंगाचटणी कोण आणणार, यावर मात्र अजून एकही उत्तर नाही.

प्रेषक: साखर पेठेतला काका, मिसिसागा
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

वहिनी, तुमच्या पत्राने माझं काम सोपं केलं.

विजापूर रोडवाल्या, तुझा झाकणाचा मुद्दा खरा आहे. चार जागांच्या प्रभागात जबाबदारी पातळ होते, हा या पद्धतीचाच दोष. पण चारही एका चिन्हाला दिली म्हणून ती घट्ट होते, हे मला पटत नाही. मग चौघं मिळून वरच्या नेत्याकडं बोट दाखवतात. आणि पाच वर्षांनी मान धरायची म्हणतोस, तर त्या पाच वर्षांनी निवडणूक झाली का? मुदत संपून चार वर्षं व्हायला आली तेव्हा कुठं ही होतेय. म्हणून मला असा एक तरी माणूस आत हवा, जो सभागृहात उभा राहून आयुक्तांना विचारेल की दिवसा पाणी का नाही. सत्तेतला असो, विरोधातला असो. १०२ मध्ये असे दहा निघाले तरी पुष्कळ.

रात्री अडीचला फोन उचलणारा उमेदवार मलाही आवडेल. पण तो १६ तारखेला, मोजणी झाल्यावर, उचलतो का ते बघू. आणि खरं तर त्याला फोन करायची वेळच येऊ नये. चावी कधी फिरवायची याचं वेळापत्रक चौकात लावलेलं असावं आणि ते पाळलं जावं. ज्याला हे नको असतं, त्याला वशिला हातात ठेवायचा असतो. आपले लोक त्यालाच कामाचा माणूस म्हणतात.

प्रेषक: हुडकोची लेक, स्कारबरो
शनिवार, १० जानेवारी २०२६

काका, वहिनी, भाऊजी, सगळ्यांचे आभार. भांडलात तेही बरं झालं.

आईला स्पीकरवर घेऊन सगळी पत्रं वाचून दाखवली. महापौर आपल्याला निवडायचाच नाही हे कळल्यावर तिला उलट हायसं वाटलं. "मग ती पोस्टरं पुसून टाक की फोनमधनं, जागा जातीय." चार जागांची शपथपत्रं मी इथून उतरवली आणि फक्त मालमत्तेचा आणि गुन्ह्यांचा रकाना वाचून दाखवला. एका नावाला ती म्हणाली, "वाचूच नकोस, त्याचं मला माहितीय." एकाला म्हणाली, "गुन्हा आंदोलनातला हाय का मारामारीतला, ते बघ." हा फरक माझ्या डोक्यात आला नसता. आंदोलनातला निघाला. तो राहिला यादीत.

अ आणि क ठरलं. ती मला नावं सांगेना, म्हणते मत गुप्त असतंय. ब मध्ये दोन बायका आहेत. त्यातल्या एकीला फोन लावला तर नवऱ्याने उचलला आणि म्हणाला, मीच बोलतोय समजा. दुसरीने उचललाच नाही, पण दुपारी स्वतःहून परत केला. मिरवणुकीत होते म्हणाली, आणि पाण्याच्या टाकीचं विचारल्यावर, मला नक्की माहीत नाही, बघून सांगते म्हणाली. आई तिच्या बाजूने झुकलीय.

ड चं काही जमत नाही. तिथं एक फार देखणं पत्रक काढणारा आहे, एक मागचाच आहे, आणि बाकीच्यांना गल्लीत कुणी ओळखत नाही. नोटा दाब म्हटलं तर आईला राग आला. इतक्या लांब चालत जायचं आणि कुणीच नको म्हणून यायचं, हे तिला पटत नाही. गुरुवारपर्यंत वेळ आहे. आज त्यांच्याकडं पाण्याचा दिवस आहे, चावीवाला आला की त्याला विचारते म्हणाली, ड मधल्या कुणाकुणाचे फोन येतात ते.