मदत हवी आहे: दोन वाफ्यांतला अझोला मिसळला, देशी कोणता ते कसं ओळखू?

नमस्कार मंडळी. फलटणजवळ आमचा चार म्हशींचा गोठा आहे. मागच्या बाजूला अझोल्याचे (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, जनावरांना चारा म्हणून घालतात) ताडपत्री अंथरून पाणी भरलेले दोन वाफे आहेत, दोन बाय दोन मीटरचे. एकात पिन्नाटा जातीचा, म्हणजे आपला देशी अझोला. मामांच्या दापोलीच्या भातखाचरातून डबाभर आणला होता. दुसऱ्यात मायक्रोफायला, मूळचा अमेरिका खंडातला, तो मित्राने दिला. उन्हाळ्यात आमच्याकडे कोणता तग धरतो ते बघायचं होतं. पण आई दोन्हीकडचा एकाच चाळणीने काढत होती, हे मला दोन महिन्यांनी कळलं. आता दोन्हीकडे खिचडी आहे.

लालसर तो देशी, हिरवा तो परका असं धरून पाटीभर निवडला. तो लाल अझोला सावलीतल्या टबात ठेवला, शेणकाला आणि चिमूटभर सुपर फॉस्फेट दिलं, तर थोड्या दिवसांत हिरवागार! मेहनत अक्षरशः पाण्यात. फोटो काढले, पण माझ्या मोबाइलवर दोन्ही शेवाळासारखेच दिसतात.

प्रतिसाद १
रंगावर अजिबात जाऊ नका. कडक ऊन, थंडी किंवा स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता असली की दोन्ही जाती लाल पडतात.

साधं भिंग घ्या आणि एकेक रोप पांढऱ्या बशीत पाणी घालून तरंगवा. पिन्नाटाचा आकार पताकेसारखा त्रिकोणी असतो. मधला दांडा सरळ जातो आणि बाजूच्या फांद्या टोकाकडे लहान होत जातात. मायक्रोफायलाला तसा ठरलेला त्रिकोण नसतो, फांद्या दोन-दोन फुटत पसरतात आणि दाट वाढला की थरावर थर चढतो. मात्र नुकतंच तुटलेलं पिल्लू आकारावरून फसवतं, म्हणून उलटं करून मुळं बघा. पिन्नाटाच्या मुळांना पिसासारखी बारीक लव असते, मायक्रोफायलाची मुळं त्यामानाने साधी, दोऱ्यासारखी.

शंभर टक्के खात्री बीजाणूंवरून होते: मोठ्या बीजाणूवर पिन्नाटात नऊ तरंगक (तरंगण्यासाठीचे फुगीर भाग) असतात, मायक्रोफायलात तीन. पण त्याला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि वाफ्यात बीजाणू धरतीलच असंही नाही.

प्रतिसाद २
अख्खी पाटी कशाला निवडता? दोन टब घ्या. प्रत्येकात खात्रीची दहा-बारा रोपं सोडा. अझोला तुकडे पडून वाढतो, त्यामुळे त्यातून येणारा सगळा त्याच जातीचा. टब भरले की जुने वाफे रिकामे करून ताडपत्री घासा, उन्हात वाळवा आणि नव्याने माती भरा. एक काडी राहिली तरी पुन्हा तेच. काढलेला माल म्हशींना घाला किंवा खतात टाका. ओढ्यात सोडू नका, मायक्रोफायला तर नाहीच.

प्रतिसाद ३
जरा अवांतर. अशा एका वाफ्यातून दिवसाला साधारण अर्धा किलो निघतो. एका म्हशीला दीड-दोन किलो द्यायचा म्हटलं तर तुमचे दोन वाफे मिळून एकीलाही पुरत नाहीत! जातीवरून डोकं खाण्याआधी वाफे वाढवा. हवेतला नत्र (नायट्रोजन) धरणारं निळं-हिरवं शेवाळ दोघांच्याही पानांच्या पोकळीत असतंच. पारा ३५च्या वर गेला की वाढ मंदावते, तेव्हा शेडनेट आणि पाण्याची दहा सेंटिमीटर खोली सांभाळा.

धागाकर्ता
आभार. मुलीचं शाळेचं भिंग घेऊन बसलो. लव असलेली मुळं लगेच दिसली, गंमत म्हणजे बहुतेक मायक्रोफायलाच्या वाफ्यात! टब भरायला घेतलेत. वाफे कमी आहेत हे मान्य, सध्या मूठ-मूठ पेंडीत मिसळून घालतो.

आईला दुसरी चाळण आणून दिली. ती म्हणाली, "म्हशीला विचारलंस का, तिला कुठला आवडतो?"