हुशार मुलांना व्याकरण शिकवावं का, आणि कसं?

धागाकर्ती:
माझी मुलगी ९ वर्षांची, वाचनवेडी. शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण यांच्या व्याख्या पाठ करायला लावल्या आणि तिने पुस्तक मिटलं. "मला बोलता येतंच, मग हे कशाला?"

माझ्या मते अशा मुलांना व्याकरण द्यायलाच हवं, फक्त सुरुवात कोड्यापासून व्हावी. परवा तिला दोन वाक्यं दिली: "तिने धडा वाचला" आणि "ती धडा शिकली". काळ तोच, कर्म तेच. मग एकीकडे "तिने" आणि दुसरीकडे "ती" का? संध्याकाळभर ती "शिकणे"ची भावंडं शोधत होती. "ती नाव विसरली", "ती खोटं बोलली", "ती पाणी प्यायली". मग तिनेच विचारलं, "याला काही नाव आहे का?" तेव्हा कुठे कर्तरी प्रयोग (क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, "ती शिकली") आणि कर्मणी प्रयोग (कर्माप्रमाणे बदलतं, "धडा वाचला") हे शब्द सांगितले.

प्रतिसाद १:
नाही पटलं. "मी करलं" म्हणणारं तीन वर्षांचं पोर आपला आपण नियम लावत असतं आणि ऐकून ऐकून "केलं"वर येतं. "घोडा"चं "घोड्याला" त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग नावांचं ओझं कशाला? माझ्या मुलाला लवकर शिकवलं. आता आजी "मी पाणी पिली" म्हणाली की हा "चूक!" म्हणून ओरडतो. आजी त्याच्यासमोर कमी बोलायला लागली आहे.

धागाकर्ती:
आजींचं वाचून फार वाईट वाटलं. पण हा दोष अर्धवट व्याकरणाचा. "शिक"चं "शिकली", तसंच "पि"चं "पिली". आजींचं रूप सरळ नियमाने झालंय. उलट "प्यायली"त तो "याय" कुठून आला, हे विचारायला हवं. त्याला आजींची अशी रूपं वहीत उतरवून घ्यायला सांगा.

प्रतिसाद २:
मी भाषा शिकवते. हुशार मुलं मातृभाषेत कानावर निभावून नेतात. परक्या भाषेत अडतात. जर्मनमध्ये पुल्लिंगी नामाआधी लागणाऱ्या "डेर" या उपपदाचं "डेन" कधी होतं? कर्ता-कर्म ओळखता आलं तर दोन मिनिटांत कळतं, नाहीतर घोकंपट्टी. आणि मोठ्या मुलांना मोरो केशव दामल्यांचं "शास्त्रीय मराठी व्याकरण" (१९११) चाळू द्या. आधीच्या व्याकरणकारांशी ते मुद्देसूद वाद घालतात. व्याकरणात मतभेद असतात हे कळलं की चौकस मूल खुलतं.

प्रतिसाद १:
वहीचं करून बघतो, आजीला विचारून. पण "प्रयोग ओळखा" छापाचे प्रश्न या वयात नकोतच, यावर मी ठाम आहे.